अनुमान आणि सहवास

श्रीशंकुकाचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्याचे मत कळते ते 'अभिनवभारती'तून, म्हणजे त्याचे खंडन करणाऱ्यांच्या तोंडून. नटाच्या ठायी दिसणाऱ्या विभाव, अनुभाव व व्यभिचारी भावांवरून प्रेक्षक स्थायी भावाचे अनुमान करतो, असा त्याचा पक्ष. चित्रतुरगन्यायाच्या चर्चेत मराठी समीक्षा इतकी रमली, की माणसाला दुसऱ्याचे मन कळते तरी कसे, हा त्यामागचा साधा प्रश्न बाजूलाच राहिला.

धूर पाहून अग्नीचे अनुमान करणाऱ्याजवळ व्याप्तीचे ज्ञान आधीच असते. रंगभूमीवर हे जमून जाते, कारण अश्रू, स्वेद, रोमांच यांचे अर्थ तेथे संकेताने ठरलेले असतात. घरात मात्र व्याप्ती माणसागणिक निराळी. एकाचे मौन म्हणजे रोष, दुसऱ्याचे नुसता थकवा.

रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) हे पुस्तक या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहे. १८७३ साली विवाह झाला तेव्हा त्या ११ वर्षांच्या होत्या, न्यायमूर्ती ३१ वर्षांचे. पतीची नाराजी येथे शब्दांत क्वचितच येते. रात्री तळपायांना तूप चोळताना रोजचे बोलणे होत नाही, आणि एवढ्यावरून पत्नीला आपले काय चुकले याचा शोध घ्यावा लागतो. न्यायाच्या परिभाषेत बोलायचे तर येथे लिंग मौन हे नव्हे. नित्यक्रमात पडलेला खंड हे लिंग होय. संसाराच्या पहिल्या वर्षी असा खंड दिसूच शकत नाही, कारण तोवर क्रमच बसलेला नसतो.

शंकुकाच्या प्रेक्षकाचे अनुमान चुकले तर फार तर रसभंग होईल. अकरा वर्षांच्या मुलीला ती सवलत नव्हती. सरळ विचारण्याचा अधिकार ज्याला असतो, त्याला एवढ्या बारकाईने लिंगे टिपावी लागत नाहीत. रसचर्चेत या अधिकाराचा विचार कोठेच येत नाही, ही तिची उणीवच म्हटली पाहिजे.

न्यायमूर्ती १९०१ मध्ये निवर्तले. पुस्तक आले त्यानंतर नऊ वर्षांनी, म्हणजे या अनुमानांना होय किंवा नाही म्हणू शकणारा एकमेव माणूस गेल्यावर. अनुकरण म्हणता, तर मूळ कोणी पाहिले होते, असा आक्षेप भट्टतौताने शंकुकावर घेतला होता. वाचकाला येथे दिसतो तोही रमाबाईंनी ओळखलेलाच रोष. पुस्तकाची प्रस्तावना गोपाळ कृष्ण गोखल्यांची आहे. ते न्यायमूर्तींचे शिष्य. त्यांच्याजवळही आधार होता तो सहवासाचाच.