उकिडवं

आईबरोबर खडकी बाजारात जायचे, तेव्हा भाजीवाली उकिडवी बसलेली असायची आणि तिच्यासमोर मेथीची जुडी उलटून पाहणारी आईही. भाव ठरला की आई हात न टेकता उठायची. घरचं धुणं, निवडणं-टिपणं सगळं तसंच बसून चाले. वडील ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ सालच्या त्या कारखान्यात दिवसभर मशीनवर उभं राहून सायकलनं परतायचे आणि पाटावर जेवायला बसायचे. दुखायचं त्यांचंही, पण जमिनीवरून उठायला कुणाचा हात लागला नाही.

मला हिशेबाचं काम मिळालं आणि खुर्ची आली. पुढे खडकी स्टेशनचा पूल चढताना कंबर धरायला लागली. डाव्या पायावर उभी राहिले की कमरेची उजवी बाजू खाली झुके. हे मी नाही, फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पाहिलं. त्यांनी समजावलं, की कुल्ल्याचा ग्लुटिअस मॅक्सिमस हा शरीरातला सगळ्यात मोठा स्नायू. खुर्चीतून उठवणं, जिना चढवणं हे त्याचं काम. बाजूचा ग्लुटिअस मिडिअस चालताना कंबर सरळ धरतो. तासन्‌तास बसून ते बेकाम पडले, की त्यांचा भार पाठ आणि मांडीमागचे स्नायू अंगावर घेतात.

व्यायाम दिसायला साधे. उताणं निजून, गुडघे दुमडून, टाचा रोवून कंबर उचलायची. सेतुबंधासनासारखंच. मॅडम कुल्ल्यावर दोन बोटं ठेवून तपासायच्या. कंबर वर गेलेली, स्नायू मात्र मऊच आणि मांडीच्या मागे गोळा. ‘‘आधी आवळा, मग उचला,’’ त्या म्हणायच्या. सगळी मेख या क्रमात आहे. मग कुशीवर निजून, टाचा जुळवून, कंबर मागे न लोटता वरचा गुडघा उघडायचा. नीट जमलं तर कुल्ल्याच्या बाजूला अक्षरशः आग होते.

खडकीतच मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी १९७४ साली सुरू झालेलं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. कमरेखालची संवेदना गेली, की बसून बसून जखमा होऊ नयेत म्हणून थोड्या थोड्या वेळानं दोन्ही हातांच्या जोरावर अंग व्हीलचेअरवरून उचलावं लागतं. मेंदूचा निरोप ज्यांच्या स्नायूंपर्यंत पोचतच नाही, त्यांना ही शिस्त पाळावी लागते. माझ्या स्नायूंपर्यंत तो पोचतो, आणि मी त्यांना वर्षानुवर्षं निरोपच पाठवला नव्हता. हे मनाला फार लागलं.

आता ऑफिसात अधूनमधून उठते. खुर्चीला टेकेपर्यंत सावकाश खाली जायचं, हात न लावता वर यायचं. पूर्ण उकिडवं बसायला गेलं की अजून टाचा उचलल्या जातात, डावा गुडघा आत वळतो. म्हणून मॅडमनी दमायच्या आधी, पहिल्यांदा डावी बाजू करायला सांगितली आहे.