डोसाआधीची चिवचिव

उंदीर भारी बडबडे असतात. आपल्याला ऐकू येत नाही, एवढंच. माणसाचा कान फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत पोचतो आणि उंदरांचं बरंचसं बोलणं त्याच्या वरच्या पट्टीत चालतं. प्रयोगशाळेतले उंदीर असे अतिध्वनी काढतात, हे 1954 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आलं. तोवर संशोधक त्यांच्या पिंजऱ्यांशेजारी बसून शांततेत काम केल्याचं समाधान मानत होते. माझ्या प्रयोगशाळेत येणारे पाहुणे आजही म्हणतात, “किती शांत आहे हो इथे!” मग मी वटवाघळांच्या अभ्यासासाठी बनवलेलं एक यंत्र सुरू करते. ते वरचे आवाज आपल्या कानाच्या टप्प्यात उतरवतं. त्यानंतर पाहुणे जरा वेळ काही बोलत नाहीत.

या आवाजांचे ढोबळमानाने दोन पट्टे आहेत. पहिला 22 किलोहर्ट्झच्या आसपासचा. हा लांबलचक, जवळजवळ एकसुरी असतो आणि कधीकधी सेकंदाहूनही जास्त टिकतो. मांजराची चाहूल, विजेचा झटका, मारामारीतली हार अशा प्रसंगी तो निघतो. दुसरा 50 च्या आसपासचा, सेकंदाच्या काही शतांशांत संपणारा. खेळताना, समागमाआधी, खाऊ येणार असं कळलं की हा सुरू होतो. त्यातही प्रकार आहेत: काही सपाट, काही वरखाली होणारे, काही गायकाच्या मुरकीसारखे थरथरणारे. मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने 2010 मध्ये 50 च्या पट्ट्यातले चौदा प्रकार वेगळे काढले. पडद्यावरच्या आलेखात ते ओळखायला शिकण्यात माझ्या डोळ्यांचा नंबर वाढला, असा माझा जुना आरोप आहे. आता हे काम संगणक बरंचसं करतो.

याक पँकसेप हे एस्टोनियात जन्मलेले आणि अमेरिकेत काम केलेले शास्त्रज्ञ. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठात 1990 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी उंदरांना चक्क गुदगुल्या केल्या. पिल्लं 50 च्या पट्टीत चिवचिवू लागली आणि गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे धावू लागली. पँकसेप याला हसणं म्हणाले, तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. मीही ‘हसणं’ म्हणायला कचरते. पण त्यांचे सहकारी जेफ्री बर्गडॉर्फ यांनी पुढे केलेला प्रयोग नाकारता येत नाही. 2001 मध्ये त्यांनी मेंदूच्या न्यूक्लियस अक्युम्बन्स या भागात थेट ॲम्फेटामिन सोडलं आणि तीच चिवचिव निघाली. ॲम्फेटामिन, कोकेन असे उत्तेजक पदार्थ या भागात डोपामिन हे रसायन वाढवतात. म्हणजे आवाजाची दोरी डोपामिनच्या हातात होती.

इथे घाईचा निष्कर्ष काढायचा मोह होतो की चिवचिव म्हणजे आनंद आणि जास्त चिवचिव म्हणजे जास्त आनंद. मग मॉर्फिनचं काय करायचं? मॉर्फिन जिथे मिळालं त्या जागेकडे उंदीर ओढीने परततो, पण मॉर्फिनने ही चिवचिव वाढत नाही, उलट घटते. म्हणून मी या आवाजाला सुखाचं मोजमाप मानत नाही. कोकेन-ॲम्फेटामिनच्या बाबतीत मला त्यात मुख्यतः ओढ ऐकू येते.

माझ्या दृष्टीने या क्षेत्रातला सर्वांत बोलका प्रयोग ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातला, 2010 चा. शिरेवाटे कोकेन मिळणारे उंदीर रोज त्याच पेटीत ठेवले जात. दिवसांगणिक त्यांची चिवचिव वाढत गेली, आणि ती वाढली कोकेन मिळण्याआधी! उंदीर पेटीत आहे, अंगात कोकेनचा थेंब नाही, आणि तोंडाने अखंड चालू. ‘उंदीर वाट पाहतोय’ असं एरवी आपण लिहिलं, तर परीक्षक लाल शाई काढतो. इथे तेच सेकंदासेकंदाला मोजता आलं.

सगळे उंदीर सारखे वाट पाहत नाहीत. माणसंही नाहीत. अमेरिकेत 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत कोकेन कधी ना कधी घेतलेल्यांपैकी सुमारे 17 टक्के लोकांना त्याचं व्यसन लागलेलं दिसलं. दहा वर्षांनी बोर्दोच्या शास्त्रज्ञांनी तीन महिने कोकेन घेऊ दिलेल्या उंदरांना व्यसनाच्या तीन कसोट्या लावल्या. तिन्हींत बसणारे निघाले 17 टक्के. आकडा जुळला यावर मी फार भार टाकत नाही. पण ‘एकदा घेतलं की संपलं’ हे खरं नाही आणि कोण अडकेल हा प्रश्न खरा आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

मिशिगन विद्यापीठात टेरी रॉबिन्सन यांच्या गटाने उंदरांमधला एक भेद आधीच अभ्यासला होता. पेटीत एक दांडी बाहेर येते आणि काही सेकंदांनी केळ्याच्या स्वादाची गोळी पडते. दांडी दाबा न दाबा, गोळी पडणारच. काही उंदीर शहाण्यासारखे वाटीपाशी जाऊन थांबतात. काही मात्र दांडीलाच बिलगतात, तिला चाटतात, कुरतडतात. या दुसऱ्या गटाच्या उंदरांना पुढे कोकेन दिलं, तेव्हा कोकेनशी जोडलेली खूण त्यांना जास्त प्रिय ठरली आणि तिच्यापाशी त्यांनी वरखाली होणारी चिवचिवही जास्त केली. 2012 चं हे काम. कोकेन कधीही न चाखलेल्या उंदराचं गोळीच्या वेळचं वागणं पाहून पुढचा अंदाज बांधता येतो, हे मला विलक्षण वाटतं.

नाण्याची दुसरी बाजू 22 च्या पट्टीत आहे. रटगर्स विद्यापीठातल्या गटाने 2014 मध्ये दाखवलं, की शरीरातलं कोकेन उंदराला हव्या असलेल्या पातळीच्या खाली राहिलं की हा लांब सूर सुरू होतो.

मुंबईत ‘एमडी’च्या, म्हणजे मेफेड्रोनच्या, बातम्या छापून आल्या की ओळखीतले पालक मला विचारतात, “मुलाचा कल आधीच तपासता येईल का हो?” मेफेड्रोन याच उत्तेजकांच्या घराण्यातलं, 2015 मध्ये ते आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं. माझं उत्तर ‘नाही’ असं असतं. माणसाकडे हा आवाज नाही, हे एक कारण. दुसरं मिशिगनहूनच आलेलं: 2016 मध्ये त्याच गटाने कोकेन सलग न देता थांबून-थांबून, झटक्याझटक्याने घेऊ दिलं, तेव्हा दांडीला बिलगणारे आणि वाटीपाशी थांबणारे असे दोन्ही प्रकारचे उंदीर व्यसनासारख्या वागणुकीपर्यंत पोचले. कल असतो, पण पदार्थ कसा मिळतो यानेही पुष्कळ ठरतं. कमी चिवचिवणारा उंदीर सुरक्षित, असं मी कुठल्याही पालकाला सांगणार नाही.

मला हा आवाज हवा असतो तो उपचार तपासताना. नव्या औषधानंतर उंदराने कोकेन मिळवण्यासाठीची दांडी दाबणं सोडलं, एवढ्यावर पूर्वी आम्ही खूश व्हायचो. पण तो नुसता सुस्तावलाही असेल, किंवा आता काही मिळत नाही हे शिकला असेल. म्हणून माझ्या नोंदवहीत दांडीच्या आकड्याशेजारी आता दुसरा रकाना असतो: पेटीत ठेवल्यापासून पहिल्या काही मिनिटांतल्या आवाजांचा. पहिला आकडा शून्यावर आला आणि दुसरा तसाच राहिला, तर मी त्या औषधापुढे ‘यशस्वी’ लिहीत नाही.