तंबू, वळीव आणि काजवे

प्रवासाचा बेत घरीं बसून आंखणें सोपें असतें. परंतु त्यास निसर्गाची संमति घ्यावयाची बहुधा राहून जाते. विशेषतः ज्येष्ठाच्या सुमारास सह्याद्रीच्या कुशींत जावयाचें असेल, तर ती संमति गृहीत धरून चालत नाहीं. गेल्या जून महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत आमचें कुटुंब, लहानथोर मिळून अकरा माणसें, दोन मोटारींतून पुण्याहून भंडारदऱ्यास गेलें. तेथें आलेला अनुभव कुटुंबवत्सल वाचकांस उपयोगी पडेल, अशा समजुतीनें तो येथें देत आहें.

मंडळींत ऐंशी वर्षांच्या माझ्या थोरल्या वहिनी होत्या, आणि सर्वांत धाकटा नातू पांच वर्षांचा होता. मुलांचा हट्ट काजवे पाहण्याचा. मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत या भागांतील हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर असंख्य काजवे एकवटतात. धाकट्या चिरंजीवांनीं जलाशयाच्या कांठीं चार तंबू ठरविले होते व त्यांचे पैसेहि आगाऊ भरले होते.

पुणें-नाशिक रस्त्यानें नारायणगांव, आळेफाटा करीत संगमनेर गांठावें, आणि तेथून पश्चिमेस वळून अकोलें, राजूर या मार्गानें शेंडीस उतरावें.  संगमनेराकडे पाऊस वर्षाकाठीं पांचशें मिलिमीटरांच्या आसपास. आणि धरणामागील घाटघर-रतनवाडीकडे कित्येक वर्षीं तो पांच हजारांचीहि मर्यादा ओलांडतो! एकाच प्रवरेच्या खोऱ्यांतील हें अंतर पाहिलें म्हणजे १९२६ सालीं पूर्ण झालेल्या येथील धरणाचें प्रयोजन ध्यानांत येतें. डोंगरांत अडविलेलें पाणी नदीच्याच पात्रांतून खालीं सोडावयाचें आणि पुढें ओझरच्या बंधाऱ्यापाशीं कालव्यांत घ्यावयाचें, अशी ही योजना. नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यांतील ऊंस तिच्यावर उभा राहिला.

तंबूंची जागा मोठी रमणीय होती. समोर विस्तीर्ण जलाशय, पलीकडे रतनगडाचा कडा, आणि भोंवतालीं एखाददुसऱ्या झाडाखेरीज मोकळें माळरान. चार वाजतां वारा अगदीं पडला. अंगाची काहिली होऊं लागली, आणि डोंगरामागें ढगांचे काळे मनोरे चढूं लागले. तंबूंच्या कामावर असलेले एक वृद्ध महादेव कोळी गृहस्थ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “बाबा, वारा पडलाय. आज पानी येनार. म्हातारीला हितं ठिवू नगा.”

इतक्यांत पहिली वीज चमकली. मीं नातवंडांस आंकडे मोजावयास सांगितलें. ध्वनि एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. म्हणून चमक व गडगडाट यांमधील सेकंदांस तिहींनीं भागलें, कीं विजेचें अंतर किलोमीटरांत कळतें. पहिल्या वेळीं मुलांनीं सत्तावीस मोजले, पुढें एकवीस आणि नंतर पंधरा. तिसांच्या आंत आंकडा आला, कीं उघड्यावर राहूं नये, असा नियम आहे.

चिरंजीव म्हणाले, “अण्णा, पैसे भरलेले आहेत. तंबूंत थेंबभरहि पाणी शिरत नाहीं.” व्यवस्थापकानेंहि त्यांचीच री ओढली. मीं म्हटलें, “पाणी बाहेर राहील, वीज राहील काय? आणि रात्रीं तंबू उडालाच, तर वहिनींना अंधारांतून मोटारीपर्यंत कोण नेणार?” वहिनी कांहींच बोलल्या नाहींत, परंतु त्यांनीं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. तें पाहून थोरल्या सूनबाई उठल्या आणि मुलांचे कपडे गोळा करूं लागल्या. चिरंजीव क्षणभर थांबले, आणि मग वहिनींना हात देऊन तेच पुढें झाले. पैसे परत मिळाले नाहींत. ती हानि आम्हीं मुकाट्यानें सोसली.

त्या वृद्ध गृहस्थांनीं रतनवाडींतील आपलें घर देऊं केलें. आम्ही तेथें पोहोंचतों न पोहोंचतों, तोंच वादळानें गांठलें. त्याचा भर ओसरेपर्यंत आम्ही कांचा लावून मोटारींतच बसून राहिलों. कारण मोटारीचें धातूचें कवच विजेस बाहेरच्या बाहेर जमिनींत नेतें. झाडाखालीं उभें राहणाऱ्यास हें संरक्षण नसतें. तासाभरानें आम्ही त्या कौलारू घरांत शिरलों. माउलीनें चुलीवर नाचणीच्या भाकरी भाजल्या, सोबत पिठलें वाढलें. घरचें सोडून अन्यत्र सहसा न जेवणाऱ्या वहिनींनीं दुसरी भाकरी मागून घेतली!

काजवे मात्र हुकले, अशी मुलांची समजूत होऊन तीं हिरमुसलीं होतीं. परंतु नऊच्या सुमारास आभाळ निवळलें, आणि ओटीवरून नातीनें हांक मारली. समोरचा भिजलेला हिरडा एकदम उजळे, एकदम मालवे. जणूं सारें झाड श्वास घेत होतें. काजव्याच्या पोटांतील रासायनिक क्रियेनें हा प्रकाश उपजतो, व त्यांत उष्णता जवळजवळ नसतेच. संस्कृतांत त्यास ‘खद्योत’, म्हणजे आकाशांत चमकणारा, असें म्हणतात. उत्तरमेघांत यक्ष मेघास विनवितो, कीं तुझ्या विजेची दृष्टि माझ्या घरांत काजव्यांच्या ओळीसारखी मंद करून टाक. हा श्लोक मीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविला. परंतु ज्या विजेनें सायंकाळीं आम्हांस पळविलें, तिचेंच सौम्य रूप त्या झाडावर पाहिलें, तेव्हां त्या उपमेचें मर्म मनांत उतरलें.

सकाळीं अमृतेश्वराच्या प्राचीन पाषाणी देवालयाचें दर्शन घेतलें. कोरीव शिखर धुऊन निघालें होतें. भर पावसाळ्यांत येथील गाभारा पाण्यानें भरून जातो. परततांना तंबूंची जागा लागली. चारांपैकीं दोन तंबू भुईसपाट झाले होते, आणि एकाचें कापड दूर करवंदीच्या जाळींत अडकलें होतें. चिरंजीवांनीं मोटार थांबविली, तिकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां पुढें घेतली.

ज्येष्ठांत सहकुटुंब बाहेर पडणाऱ्यांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पक्क्या छपराची दुसरी जागा आधींच पाहून ठेवावी. निर्णय दिवस मावळण्यापूर्वीं घ्यावा, आणि तो घरांतील सर्वांत अशक्त माणसाकडे पाहून घ्यावा. भरलेले पैसे परत मिळविण्यास उभें आयुष्य आहे. तेथील माणूस ढगाकडे पाहून कांहीं सांगूं लागला, तर तें ऐकण्यास मात्र फार थोडा वेळ हाताशीं असतो.