आडनावात दडलेले गाव : इटलीच्या नकाशावरून एक फेरफटका

नवा माणूस भेटला की आपल्याकडे पहिला प्रश्न नावाचा आणि दुसरा आडनावाचा. नाव ऐकून विचारणाऱ्याचे समाधान होत नाही, आडनाव कळले की मात्र त्याच्या चेहऱ्यावर उत्तर सापडल्याचा भाव उमटतो. खोली भाड्याने द्यायची की नाही, मुलीचे स्थळ बघायचे की नाही, एवढेच काय, पाण्याचा पेला पुढे करायचा की नाही, हे आडनावावरून ठरवणारे लोक अजून आहेत. त्यामुळे आडनाव हा विषय आपल्या समाजाला केवळ गमतीचा नाही. जगात इतरत्र आडनावे कशी पडली, ती कोणी लिहिली, त्यांनी माणसाला बांधले की मोकळे केले, हे आपण पाहिले पाहिजे असे आम्हांला वाटते.

म्हणून या आठवड्यात आम्ही वाचकांना इटलीला घेऊन जात आहोत. पासपोर्ट नको, तिकीट नको. मुलांच्या दप्तरातला नकाशा काढा. युरोपच्या दक्षिणेला समुद्रात पाय सोडून बसलेला बुटाच्या आकाराचा देश चटकन सापडेल.

जमीनदाराचे नाव राहिले

इटलीच्या नकाशात 'आनो'ने संपणारी गावे पुष्कळ दिसतात. कोर्नेलियानो हे त्यांतलेच एक. रोमन साम्राज्याच्या काळात शेतीच्या मोठमोठ्या जमिनी धनिकांच्या मालकीच्या असत आणि मालकाच्या नावाला शेपूट जोडून त्या जमिनीचे नाव पडे. कोर्नेलियस नावाच्या माणसाची जमीन ती कोर्नेलियानो. साम्राज्य गेले, मालक गेला, पण जमिनीवर वसलेल्या वस्तीला त्याचे नाव चिकटून राहिले. त्या जमिनीवर नांगर ओढणारे गुलाम होते. त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्या गावाला लागले नाही. नकाशा वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

इ. स. ५६८ मध्ये उत्तरेकडून लोंबार्ड नावाचे लोक इटलीत उतरले. ते भाऊबंदांच्या जथ्याने फिरत. अशा जथ्याला त्यांच्या भाषेत 'फारा' म्हणत. जथा जिथे थांबला तिथे गाव वसले, म्हणून आजही फारा नावाची गावे इटलीत अनेक आहेत. त्यांच्या सरदाराचा वाडा म्हणजे 'साला'. वाड्याभोवती वस्ती झाली, तिचे नाव साला पडले आणि तिथून बाहेर पडलेल्या माणसाचे आडनावही साला झाले. आपल्याकडे हा शब्द ऐकून मुले हसतील, पण मिलानच्या परिसरात ते घरंदाज आडनाव आहे! शहराबाहेरच्या मोकळ्या शेतजमिनीला ते 'ब्राइदा' म्हणत. मिलानमधील ब्रेरा हे जगप्रसिद्ध चित्रसंग्रहालय ज्या भागात आहे, त्या भागाचे नाव याच शब्दावरून आले.

आता बोट खाली सरकवून सिसिली बेटावर ठेवा. इ. स. ८२७ पासून अरबांनी हे बेट जिंकायला सुरुवात केली. त्यांच्या भाषेत खेड्याला 'राहल' म्हणत, त्यावरून राकालमुतो हे गाव झाले. मिसिलमेरी या गावाचे मूळ नाव 'मंझिल अल अमीर', म्हणजे अमिराची मंजिल. काल्तानिसेत्ता आणि काल्ताजिरोने या गावांच्या नावांत अरबीतील 'कलआ' हा शब्द लपला आहे. आपल्या मराठीतला 'किल्ला' त्याच शब्दापासून आला. म्हणजे सिसिलीचा शेतकरी आणि सह्याद्रीचा मावळा नकळत एकच शब्द बोलत होते.

जंगल तोडले, गाव वसवले

दहाव्या शतकापासून पुढे इटलीच्या खेड्यापाड्यांत मोठी उलथापालथ झाली. विखुरलेली घरे सोडून लोक टेकडीवरच्या तटबंदीच्या आत राहू लागले. काही संरक्षणासाठी गेले, पुष्कळांना सरदारांनी गोळा करून आणले, कारण एका जागी असलेली माणसे ताब्यात ठेवायला सोपी. या तटबंदीच्या गावाला 'कास्तेल्लो' म्हणत. कास्तेल्लो नावाची गावे आणि कास्तेल्ली हे आडनाव तिथून आले.

लोकसंख्या वाढली तशी नवी जमीन लागली. कुळांनी झाडे तोडली, मुळे खणली, काटेरी झुडपे काढली. अशा साफ केलेल्या जमिनीला 'रोंको' म्हणतात. रोंको, रोंकी, रोंकालिया ही गावे त्या घामाची साक्ष आहेत. रोंकाल्ली हे आडनाव याच शब्दाच्या कुळातले. बेर्गामोजवळच्या एका खेड्यात बटईने शेती करणाऱ्या गरीब कुटुंबात १८८१ साली जन्मलेला एक रोंकाल्ली १९५८ मध्ये पोप झाला. तोच तेविसावा जॉन. रान साफ करणाऱ्याच्या आडनावाचा माणूस कॅथलिक धर्माच्या सर्वोच्च गादीवर बसला आणि आडनाव कोणी आडवे आणले नाही.

आणखी एक नाव पाहा, व्हिलाफ्रांका. फ्रांका म्हणजे मोकळी. नव्या जागी वस्ती करायला माणसे यावीत म्हणून शहरे त्यांना काही कर आणि वेठी माफ करीत. अशा गावाला व्हिलाफ्रांका किंवा कास्तेलफ्रांको म्हणत. व्हेरोना शहराने ११८५ साली असेच एक व्हिलाफ्रांका वसवले, ते आजही आहे. गावाच्या नावातच माफीचा जाहीरनामा!

आडनाव कोणी लिहिले?

पूर्वी साध्या माणसाला आडनाव नव्हते. गाव सोडून शहरात आला की गावाचे नाव त्याला लागे. लिओनार्दो दा व्हिंची म्हणजे व्हिंची गावचा लिओनार्दो, आपल्या 'कर'सारखाच प्रकार. कोणी डोंगरावरून आला तो मोंतानारी, झऱ्याजवळचा तो फोंताना, नव्या घरातला तो कासानोव्हा. १५६३ साली त्रेंत येथील धर्मसभेने ठरवले की प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा व लग्न यांची वही ठेवावी. त्या वहीत पाद्र्याने जे लिहिले ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या कायम झाले. लिहिणारा पाद्री, लिहून घेणारा निरक्षर. आपल्या आजोबांची नावे शाळेच्या आणि गिरणीच्या दप्तरात कशी लागली, हे आठवले की या गोष्टीचा अर्थ कळतो.

सर्वांत करुण आडनाव एस्पोझितो. नेपल्समध्ये टाकून दिलेली बाळे एका धर्मादाय संस्थेच्या भिंतीतल्या फिरत्या लाकडी पेटीत ठेवली जात. बाहेरून बाळ ठेवायचे आणि पेटी फिरवायची, की बाळ आत. अशा मुलांना 'एस्पोझितो', म्हणजे बाहेर ठेवलेले, असे आडनाव मिळे. ही पेटी १८७५ साली बंद झाली. पण एस्पोझितो हे आज नेपल्समधील अगदी सर्रास आढळणारे आडनाव आहे आणि ते सांगताना कोणी मान खाली घालीत नाही.

धंद्यावरून पडलेली आडनावेही भरपूर. फेरारी ही मोटार पोस्टरवर सर्वांनी पाहिली आहे. फेरारी म्हणजे लोहार! मोलिनारी म्हणजे पिठाची चक्की चालवणारा, पेकोरारो मेंढपाळ, पोर्कारो डुकरे राखणारा. तिथेही गरिबी होती, उच्चनीच होते, वेठ होती. परंतु लोहाराच्या मुलाने लोहारच राहिले पाहिजे आणि त्याच्या हातचे पाणी विटाळाचे, असा धर्मग्रंथाचा हुकूम नव्हता. धंदा सुटला, आडनाव उरले आणि काळाच्या ओघात त्यातला अर्थ विरून गेला. आपल्याकडे उलट झाले. धंदा सुटला तरी आडनावातला विटाळ समाजाने जपून ठेवला.

स्वर्गाच्या नावाची हजेरीवही

आता या फेरफटक्यातल्या मुख्य ठिकाणी येऊ. नकाशात उत्तर इटलीत बोलोन्या शहर शोधा. तेराव्या शतकात या शहराभोवतालच्या खेड्यांत हजारो माणसे जमीनदारांची मालमत्ता होती. जमीन विकली की माणसेही विकली जात. मूल जन्मले की तेही मालकाचे.

१२५६ साली बोलोन्याच्या नगरशासनाने ठरवले की ही गुलामी संपवायची. मालकांना पैसे देऊन माणसे सोडवण्यात आली. चौदा वर्षांवरील माणसामागे १० लिरा आणि त्याखालील मुलामागे ८ लिरा असा दर ठरला. सुमारे ४०० मालकांकडून ५,८०० च्या वर स्त्री, पुरुष, मुले मुक्त झाली. कारकुनाचा हिशेब मांडला तर रक्कम ४६ हजार आणि ५८ हजार लिरा यांच्या मध्ये कुठेतरी येते. १२५७ साली या सर्वांची यादी एका ग्रंथात लिहिली गेली. शहराच्या चार विभागांप्रमाणे मालकांची नावे आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या तावडीतून सुटलेल्या माणसांची नावे. त्या ग्रंथाचा पहिला शब्द 'स्वर्ग' असा आहे, म्हणून त्याला 'लिबेर पारादिसुस', म्हणजे स्वर्गाचा ग्रंथ म्हणतात. देवाने माणसाला स्वतंत्र निर्माण केले, गुलामी मागून आली, असा त्याच्या प्रस्तावनेचा भाव आहे. देवाचे आपण बाजूला ठेवू. माणूस मुळात स्वतंत्र आहे, हे वाक्य सरकारी दप्तरात साडेसातशे वर्षांपूर्वी लिहिले गेले, हे महत्त्वाचे.

हे सगळे निव्वळ दयेपोटी झाले असे मात्र कोणी समजू नये. गुलाम कर भरीत नाही, स्वतंत्र माणूस भरतो. खेड्यातील मुक्त कुटुंबांना 'फुमांती' म्हणत, म्हणजे धूरवाले. ज्या घरातून चुलीचा धूर निघतो ते एक घर, त्यावर कर. जमीनदारांचे बळ कमी करायचे, तिजोरी भरायची, असा शहराचा व्यवहार त्यात होता. मुक्त झालेल्यांनी त्या प्रदेशाबाहेर जायचे नाही, अशी अटही होती. आणि नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. ज्यांची हाडे झिजली त्यांना एक लिराही मिळाली नाही.

तरीही या ग्रंथाचे मोल मोठे आहे. ज्यांना कोणी विचारत नव्हते त्या माणसांची नावे, नाती, लेकरेबाळे तिथे लिहिली गेली. रोमन काळातल्या गुलामाचे नाव गावाला लागले नाही, बोलोन्याच्या गुलामाचे नाव निदान दप्तरात तरी आले. तो ग्रंथ तेथील सरकारी दप्तरखान्यात जपून ठेवला आहे आणि बोलोन्या महापालिकेची नवी कार्यालये ज्या चौकात आहेत त्या चौकालाही त्याचेच नाव दिले आहे.

कागदावरची मुक्ती आणि पोटाची मुक्ती यांत अंतर असते. मध्य इटलीत पुढे अर्ध्या वाट्याच्या बटईची पद्धत पसरली. ती शेकडो वर्षे चालली. असे नवे करार करण्यास बंदी करणारा कायदा १९६४ साली झाला आणि उरलेसुरले करार १९८२ च्या कायद्याने खंडाच्या करारात बदलण्याची सोय झाली. बाबासाहेबांनी कोकणातील खोती रद्द करण्याचे विधेयक १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले होते, ते इथे आठवल्यावाचून राहत नाही. भाषेनेही कुळांवर सूड उगवला. जमीनदाराच्या 'व्हिला'वर राबणारा तो 'व्हिलानो', पण आज इटालियन भाषेत व्हिलानो म्हणजे असभ्य माणूस. आपल्याकडे 'गावंढळ' म्हणतात तसेच. मात्र व्हिलानी आडनावाचाच एक माणूस, जोव्हान्नी व्हिलानी, फ्लॉरेन्सचा थोर इतिहासकार झाला. १३४८ च्या प्लेगमध्ये तो गेला, पण त्याच्या लेखणीमुळे ते शहर आपल्याला माहीत आहे.

भगिनींसाठी एक गोष्ट सांगायची राहिली. इटलीत लग्नानंतर स्त्रीचे स्वतःचे आडनाव जात नाही. १९७५ च्या कायद्याप्रमाणे नवऱ्याचे आडनाव तिच्या आडनावाला फक्त जोडले जाते. २०२२ साली तेथील घटना न्यायालयाने सांगितले की मुलांना आई व वडील दोघांचेही आडनाव लागावे, दोघांनी एकमताने एकच निवडले तर गोष्ट वेगळी.

आपले मराठी रक्तही त्या मातीत सांडले आहे. बोलोन्याच्या पूर्वेकडून सेनिओ नदी वाहते. ९ एप्रिल १९४५ रोजी त्या नदीकाठी मराठा पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून बाहेर काढले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्यानंतर बारा दिवसांनी बोलोन्या मुक्त झाले.

वाचकहो, बाबासाहेबांचे घराणे सकपाळांचे, गाव आंबडवे. शाळेच्या दप्तरात गावावरून आंबडवेकर लागले आणि पुढे आंबेडकर झाले. मंडणगड तालुक्यातल्या लहानशा खेड्याचे नाव असे जगभर गेले. त्याही आधी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दारावर धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने आपले नाव, गाव आणि धंदा कोरून घेतला. बुद्धांच्या दारात कारागिराला आपला धंदा लपवावा लागला नाही. नद्या समुद्राला मिळाल्या की त्यांची वेगळी नावे उरत नाहीत, तसे संघात आल्यावर कुळाचा भेद उरत नाही, अशी तथागतांची शिकवणच होती.

आमचे वाचकांना एवढेच सांगणे आहे की पुढच्या रविवारी विहारातून आल्यावर एक वही घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजोबा, पणजोबा यांची नावे लिहा. आजी आणि पणजी यांची नावे त्यांच्या माहेरच्या गावासह लिहा. मूळ गाव कोणते, तिथून कोण कधी निघाले, मुंबईत, पुण्यात किंवा नागपुरात कोणत्या कामाला लागले, १९५६ साली दीक्षा कोणी घेतली, हेही लिहा. बोलोन्याच्या मुक्त माणसांची यादी दुसऱ्यांनी लिहिली. आपण शिकलो आहोत, आपली यादी आपल्याच हाताने लिहिली पाहिजे. जय भीम!