बांगडा, तिरफळ आणि मालवणचं बंदर

मालवणला जाणारी मंडळी सिंधुदुर्ग किल्ला पाहतात, तारकर्लीच्या वाळूत चालतात आणि हॉटेलात लालभडक रश्श्याची थाळी खाऊन 'मालवणी जेवलो' म्हणत परततात. मैत्रिणींनो, तुम्ही गेलात तर एक संध्याकाळ बंदरासाठी राखून ठेवा.

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, पण मालवणला स्टेशन नाही. कुडाळला उतरायचं आणि पुढे एस.टी. धरायची. उन्हं कलली की बंदरावर होड्या लागतात आणि वाळूवरच मासळीचा लिलाव सुरू होतो. टोपल्या घेतलेल्या बायका पुढे असतात. त्यांचा हिशेब तोंडी आणि अचूक! तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात तरी हाक येते, "घे गो बाय, बांगडो ताजो आसा." ताजा म्हणताहेत म्हणून लगेच घेऊ नका बरं. कल्ला उचलून बघा, आत लाल हवा. डोळा चकचकीत हवा, आणि बोटाने दाबल्यावर अंगाला खड्डा राहता कामा नये.

नशिबात असेल तर किनाऱ्यावर रापण दिसेल. होडीतून लांबलचक जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकं माणसांनी किनाऱ्यावरून ओढायची. जो ओढेल त्याला वाटा. पण रापणीत आता पूर्वीसारखा मासा लागत नाही, असं ही माणसं सांगतात. पर्ससीनच्या मोठ्या बोटी बांगड्याचा थवाच्या थवा उचलतात, ही त्यांची तक्रार. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी तंटा मिटलेला नाही. त्यात आपल्या हाती काय, असं तुम्ही म्हणाल. एवढंच की वीतभर लांबीचा बांगडा घ्यावा. एवढूसं पिल्लू स्वस्त मिळतं खरं, पण त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात.

आता सार. मालवणी म्हणजे गरम मसाला आणि जाळजाळ तिखट, हा गैरसमज हॉटेलांनी पसरवला. घरच्या माशाच्या साराला गरम मसाला लागतच नाही. मध्यम चार बांगडे साफ करून, तुकडे करून मीठ-हळद लावून ठेवा. डोकी टाकू नका, चव त्यातच असते. अर्ध्या नारळाचं ओलं खोबरं, भिजवलेल्या सात-आठ ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, थोडी हळद आणि एक छोटा कांदा असं अगदी गंधासारखं वाटा. पाटा कुणाकडे राहिलाय? मिक्सर चालेल, पण पाणी बेताने घालून दोन-तीनदा फिरवा.

वाटण पातळ करून उकळत ठेवा आणि सात-आठ तिरफळं जराशी ठेचून त्यात टाका. वाटायची नाहीत, आतली काळी बीही काढून टाकायची, नाहीतर सार कडू होतं. बांगडा, तारली अशा तेलकट माशांचा उग्र वास तिरफळ मारतं. पापलेट-सुरमईला मात्र ते घालू नका, नाजूक चव मरते. उकळी आली की तुकडे सोडा, पाच-सहा सोलं (आपण आमसुलं म्हणतो ती) आणि मीठ घाला, आच मंद करा. सात-आठ मिनिटं पुरे. डावाने ढवळलंत तर मासा मोडेल. भांडंच धरून हलवायचं. फोडणी नाही.

जेवताना तिरफळ बाजूला काढायला मुलांना आधीच सांगा, चावलं तर जीभ बधिर होते आणि मग तुम्हालाच बोलणी बसतात!

सार उरलं तर उरू द्या. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर थोडं आटवून घावनांबरोबर वाढा. येताना बाजारातून तिरफळं आणि सोलं मात्र भरपूर आणा. शेजारणी मागायला येतातच.