मातीचा पंचनामा

मातीची पारख आपल्याला आहे, अशी माझी अनेक वर्षे समजूत होती. 1982 ते 2015 अशी तेहतीस वर्षे गुजरातच्या महसूल खात्यात गेली. काळी, बेसर, गोराडू, भाठा ही जमिनींची नावे दप्तरातून बोटांपर्यंत उतरली होती. एका चिनी चहादाणीने ही समजूत दूर केली.

निवृत्तीनंतर मुलाने चिनी चहाची एक पुडी आणून दिली आणि मला नवा नाद लागला. त्या चहाला दूध-साखर लागत नाही; लहानशी चहादाणी मात्र लागते. वाचता वाचता मी यीशिंगपाशी पोहोचलो. जिआंग्सू प्रांतात, ताइहू सरोवराच्या पश्चिमेला हे शहर आहे. मिंग राजवटीपासून तेथे बिनचकाकीच्या चहादाण्या घडवल्या जातात. तिथल्या मातीला झिशा, म्हणजे ‘जांभळी वाळू’, म्हणतात. ती खाणीतून दगडासारखी निघते. उन्हापावसात ठेवून ती फुटू देतात; मग दळून, चाळून, पाण्यात कालवून मुरवतात. पारंपरिक पद्धतीत ती चाकावर चढवत नाहीत. थापटण्याने ठोकून तिचे पातळ पत्रे करतात आणि ते वळवून सांधतात.

तिचे प्रकार अनेक. झिनी जांभळट तपकिरी, होंगनी लाल, दुआननी पिवळसर. हौशी मंडळींचा जीव मात्र शेंदरी ‘जूनी’वर. मराठी कानाला हे नाव ‘जुनी’ असेच ऐकू येते, आणि विक्रेत्यांचा भरही जुनेपणावरच असतो. ही माती भट्टीत फार आकसते, तडकते. म्हणून तिच्या चहादाण्या बहुधा लहानच असतात. शिवाय एकच माती कमी-अधिक आचेत निरनिराळ्या रंगाची होते. साध्या मातीत लोहाची भुकटी मिसळून ती लाल करता येते, मँगनीज घालून काळी. मे 2010मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीनेच अशी रंगवलेली माती उघडकीस आणली होती. त्याच वर्षी गू जिंगझोऊ (1915-1996) या थोर कारागिराची एक चहादाणी लिलावात एक कोटी वीस लाखांहून अधिक युआनांना गेली. अशा किमती ऐकल्यावर नकला न झाल्या तरच नवल.

हे सारे मी वाचले होते. तरीही एका परदेशी विक्रेत्याच्या संकेतस्थळावरून साडेसात हजार रुपयांना, वर सीमाशुल्क भरून, ‘अस्सल जुन्या जूनी’ची चांगली मोठी चहादाणी मागवली. कारण एकच : सोबत लाल शिक्क्याचे प्रमाणपत्र होते. सरकारी माणसाला शिक्का दिसला की डोळे मिटावेसे वाटतात. ते प्रमाणपत्र कारागिराच्या पदवीचे होते. मातीबद्दल त्यात अवाक्षर नव्हते, हे पुढे कळले.

चहादाणी आली. उकळते पाणी ओतताच बूटपॉलिशसारखा वास खोलीभर पसरला. पांढऱ्या फडक्याने पुसली, तर फडके लाल. भट्टीची धूळ एकदोन धुण्यांत जाते. हा रंग चौथ्या वेळीही निघत होता. भिंग घेऊन उजेडात पाहिले. चांगल्या झिशात निरनिराळ्या छटांचे बारीक कण दिसतात. येथे भिंतीला रंग द्यावा तसा सपाटपणा होता. आत, मुठीच्या बाजूला, पत्रा सांधल्याची पुसट खूणही नव्हती. तोटीची धार सरळ पडत होती, झाकणाचा नाद खणखणीत होता. पण त्यावरून घडण कळते, माती नव्हे.

पैसे गेल्याचे दुःख चार दिवसांत ओसरले. पण त्या लाल फडक्याने एक जुनी गोष्ट वर काढली. 1987च्या दुष्काळात तलाठ्याने कचेरीत बसून केलेल्या एका पंचनाम्यावर मी सही केली होती. कागदावर शेत गोराडू आणि विहिरीखालचे होते. आठवड्याने त्या शेताचा मालक आला. वयाने माझ्या वडिलांएवढा. फेट्याच्या पदरात बांधून आणलेली माती त्याने टेबलावर सोडली आणि म्हणाला, “साहेब, हाथमां लई जुओ.” हातात घेऊन पाहा, एवढेच त्याचे मागणे होते. समोर नुसता मुरूम पडला होता. मी हात लावला नाही. “कागदावर आहे ते आहे, काका,” असे म्हणून शिपायाला टेबल पुसायला सांगितले. त्याला मदत मिळाली नाही. पुढे माझी बदली झाली.

त्या विक्रेत्याने मला फसवले, हे खरे. पण मातीऐवजी कागद पाहण्याची सवय माझी स्वतःची होती, आणि तिची किंमत पहिल्यांदा दुसऱ्याच कोणीतरी मोजली होती.

चहा आता मी साध्या चिनी मातीच्या कपातच करतो. ती चहादाणी मात्र फेकलेली नाही. लिहिण्याच्या टेबलावर, त्याने माती ओतली होती तशी, अगदी समोर ठेवली आहे.