वळवापर्यंतची बाग

वारणा आणि पंचगंगा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात, कोल्हापूरच्या उत्तरेस वसलेले पेठ वडगाव हे हातकणंगले तालुक्यातील बाजारपेठेचे गाव असून, चहूबाजूंनी उसाने वेढलेल्या या गावात घराभोवती बाग राखणाऱ्याला उन्हाळ्याचा जो विचार करावा लागतो, तो बागकामाच्या बहुतेक छापील पुस्तकांतील उन्हाळ्याहून मुळातच वेगळा असतो. त्या पुस्तकांचा उन्हाळा जून ते ऑगस्ट असा असतो आणि त्यांतील हिरवळ राय किंवा फेस्क्यू यांसारख्या थंड हवेच्या गवतांची असते. वडगावात मात्र जूनमध्ये उन्हाळा संपलेला असतो, आणि बागेची खरी कसोटी शिमग्यानंतर सुरू होऊन मृग नक्षत्रापर्यंत चालते. या काळात पाऊस मिळालाच तर तो वळवाचा, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग दाटून, वीज-वाऱ्यासह आणि कधी गारांसह कोसळणारा मोसमी पावसापूर्वीचा पाऊस असतो, आणि तो एका गल्लीत पडून दुसरी कोरडी ठेवू शकतो. म्हणून येथील उन्हाळी बागकामाचे उद्दिष्ट बाग हिरवीगार दिसावी हे नसून, वळीव येईपर्यंत मुळे जिवंत राहावीत एवढेच असावे, असे प्रस्तुत लेखिकेचे अनुभवान्ती झालेले मत आहे. ते याच गावात, घरापुढील सुमारे ५०० चौरस फुटांची हिरवळ आणि घरामागची परसबाग अनेक उन्हाळे सांभाळताना बनत गेले आहे.

हिरवळीच्या प्रश्नाचा आरंभ पाण्याच्या हिशेबापासून करावा लागतो. जमिनीतून होणारे बाष्पीभवन आणि पानांतून बाहेर पडणारी वाफ यांच्या बेरजेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मेमध्ये त्याचे प्रमाण दिवसाला साधारणपणे ६ ते ७ मिलिमीटरपर्यंत जाते, आणि उष्ण हवेत वाढणाऱ्या गवताची गरज त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश धरली, तरी ती दिवसाला ४ मिलिमीटरहून अधिक भरते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, आणि ५०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. अर्थात एवढ्या हिरवळीला दररोज किमान १८५ लिटर पाणी लागते, आणि नळीने पाणी देताना जे उडते व वाहून जाते ते धरल्यास आकडा २०० लिटरच्या पुढे जातो. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते, हे लक्षात घेता दारापुढचा हा लहानसा हिरवा तुकडा दीड माणसाचे पाणी पितो. हा हिशेब एकदा मांडल्यावर प्रस्तुत लेखिकेच्या घरी हिरवळ निम्म्याहून कमी करण्याचा निर्णय झाला, आणि उरलेल्या जागेत पश्चिमेच्या कडेने शेवगा, कढीपत्ता व पांढरा चाफा लावण्यात आला. त्यांपैकी चाफा उन्हाळ्यात पाने गाळून फुलतो आणि पाणी फारसे मागत नाही. हिरवळ लहान करणे हा उन्हाळी निगेतला सर्वांत परिणामकारक उपाय आहे, आणि तो एकदाच करावा लागतो.

राखलेल्या तुकड्यात कोणते गवत असावे, हा त्यानंतरचा प्रश्न होय. रोपवाटिकांत मेक्सिकन लॉन या नावाने चौकोनी तुकड्यांत विकले जाणारे गवत झोयसिया या प्रजातीचे असून ते दाट आणि मऊ असते, परंतु त्याची वाढ सावकाश असल्याने उन्हाने जळालेला भाग भरून यायला फार वेळ लागतो. याउलट हरळी, म्हणजे गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वांचीच वनस्पती, जमिनीवरून पसरणारे धावते खोड आणि जमिनीखाली वाढणारे खोड अशा दोन्ही मार्गांनी पसरते, आणि वरचे पाते वाळून गेले तरी खालच्या खोडात अन्नाचा साठा राखून ठेवते. जगाच्या उष्ण भागांत खेळाची मैदाने आणि उद्याने यांसाठी बर्म्युडा गवत म्हणून जे लावले जाते ते हेच. हरळी आणि ऊस या दोन्ही एकाच तृणकुळातील वनस्पती असून, हवेतील कार्बन प्रथम चार कार्बन अणूंच्या आम्लात बांधण्याची जी पद्धत उसात आहे तीच हरळीतही आहे. या पद्धतीमुळे कडक उन्हात आणि वाढत्या तापमानात इतर वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणात जी गळती होते ती येथे जवळजवळ होत नाही, आणि कमी पाण्यात अधिक वाढ साधते. उसाच्या शेतात जी हरळी खणून, वेचून, बांधावर वाळवून नष्ट केली जाते ती घरापुढे मुद्दाम लावली जात आहे, हे पाहून शेजारच्या शेतकरी कुटुंबातील वडीलधाऱ्या काकांना प्रारंभी पटले नव्हते. मात्र मे महिन्यात पाणी तोडूनही वळवानंतर आठवड्याभरात तो तुकडा पुन्हा हिरवा झालेला त्यांनी पाहिला, तेव्हा हरळी मरत नाही हे शेतकऱ्याचे जुने गाऱ्हाणे बागेच्या उपयोगाचे कसे ठरते, हे त्यांनीच इतरांना समजावून सांगितले. फुलझाडांच्या आळ्यांत आणि भाजीच्या वाफ्यांत ती शिरू नये म्हणून तुकड्याच्या कडेने वीतभर खोल विटा उभ्या गाडून घ्याव्या लागतात, ही अट मात्र टाळता येत नाही. शिवाय हरळीला सावली मानवत नाही, त्यामुळे आंब्याखाली हिरवळ धरण्याचा आग्रह सोडून द्यावा, हेच योग्य.

वाळलेली हरळी मेली आहे की सुप्तावस्थेत आहे, हे ओळखणे अवघड नाही. सुप्तावस्था म्हणजे प्रतिकूल काळात वाढ थांबवून केवळ जीव राखण्याची वनस्पतीची स्थिती. अशा वेळी थोडी माती उकरून पाहिल्यास जमिनीखालचे खोड पांढरट आणि टणक आढळते, तर मेलेले खोड तपकिरी व भुसभुशीत असते. सुप्त हरळीला पंधरवड्यातून एकदा चांगले पाणी मिळाले तरी ती तग धरते. तिची कापणीही उन्हाळ्यात बेताने करावी लागते. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा अधिक कापू नये आणि उंची सुमारे दोन इंच राखावी, म्हणजे पात्यांची सावली जमिनीवर पडून ती कमी तापते. अगदी आखूड, गालिचासारख्या हिरवळीची आवड पावसाळी हवेच्या इंग्लंडातून आलेली आहे. तेथे एडविन बडिंग याने कापडगिरणीतील कापड कातरणाऱ्या यंत्रावरून १८३० मध्ये गवत कापण्याचे यंत्र तयार केले आणि ती आवड सामान्य घरांपर्यंत पोहोचली. वडगावच्या एप्रिलमध्ये ती परवडणारी नाही.

पाणी किती द्यावे याहून ते कसे द्यावे, हा प्रश्न येथील मातीमुळे अधिक महत्त्वाचा ठरतो. या भागातील काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. भेगाळलेल्या जमिनीवर एकदम पाणी सोडल्यास पहिले पाणी भेगांतून थेट खाली जाते, नंतर माती फुगून भेगा मिटतात आणि उरलेले पाणी वरच्या वर साचते किंवा रस्त्यावर वाहून जाते. म्हणून एकाच वेळचे पाणी दोन पाळ्यांत, मध्ये अर्धा-पाऊण तास जाऊ देऊन द्यावे, असे अनुभवास आले. पहिल्या पाळीने माती ओलावते आणि दुसऱ्या पाळीचे पाणी मुळांपर्यंत मुरते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीच्या कणांमधील पोकळ्यांत पाणी आणि हवा दोन्ही योग्य प्रमाणात असण्याची अवस्था, ती हातात माती घेऊन दाबल्यास कळते: मुठीत गोळा होतो, पण बोटाने टोचताच तो फुटतो. वाफसा असेपर्यंत पाणी देऊ नये, तो जाऊ लागला की भरपूर द्यावे आणि मग पुन्हा थांबावे. रोज संध्याकाळी नळी धरून वरवर शिंपण्याची सवय गावात सर्वत्र दिसते, आणि दिवसभराच्या तापानंतर ओल्या मातीच्या वासाने मनाला बरे वाटते हेही खरे. परंतु अशा शिंपण्याने मुळे वरच्या दोन इंचांतच राहतात व एखादा दिवस पाणी चुकले तरी गवत कोमेजते. पहाटेचे खोल पाणी हे त्यापेक्षा चांगले. कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त असल्यास मातीवर पांढरा थर दिसू लागतो, आणि तेव्हा थोडे थोडे पाणी देणे अधिकच घातक ठरते, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मुळांपाशी साठत राहतात.

या परिसराला लाभलेले, आणि तरीही बागांत क्वचितच वापरले जाणारे, खरे धन म्हणजे उसाचे पाचट होय. ऊस तोडताना बाजूला काढलेल्या वाळक्या पानांना पाचट म्हणतात. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपत आलेला असतो, म्हणजे बागेला आच्छादनाची गरज नेमकी ज्या वेळी निर्माण होते त्याच वेळी शिवारात पाचटाचे ढीग पडलेले असतात आणि त्यांतील पुष्कळसे पेटवून दिले जातात. प्रस्तुत लेखिकेच्या घरी दर वर्षी ओळखीच्या शेतातून पाचटाचे भारे आणले जातात आणि झाडांच्या आळ्यांत तीन-चार इंचांचा थर पसरला जातो. आच्छादनाचे कार्य तिहेरी आहे: ते ऊन अडवून मातीचे तापमान खाली ठेवते, वारा अडवून ओल टिकवते आणि तण उगवू देत नाही. आच्छादन केलेल्या पेरूच्या आणि लिंबाच्या आळ्यांत पाण्याच्या दोन पाळ्यांमधील अंतर जवळजवळ दुप्पट करता आले, हा या उन्हाळ्यांतील सर्वांत समाधान देणारा अनुभव म्हणावा लागेल. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. पाचट कुजवणारे सूक्ष्मजीव आपल्या वाढीसाठी मातीतील नत्र खेचून घेतात, म्हणून त्यावर शेणकाला शिंपडावा. आणि वाळलेल्या पाचटाकडे वाळवी येत असल्याने खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी. शिवारात धूर होऊन जाणारी ही वस्तू घराघरांतील बागांत आली, तर गावाचे पाणी आणि हवा दोन्ही राखली जातील, आणि त्यासाठी शेजारच्या शेतकऱ्याला विचारण्यापलीकडे काही करावे लागत नाही.

परसबागेविषयी थोडक्यात सांगता येईल, कारण जुन्या घरांची रचनाच तिची निगा राखीत असे. न्हाणीचे पाणी केळी, कर्दळ आणि अळू यांच्या वाफ्यात सोडण्याची पद्धत आजही उपयोगी आहे. मात्र कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी वेगळे काढावे आणि ते भाजीला देऊ नये. उन्हाळ्यात जास्वंदीवर पांढऱ्या कापसासारखा दिसणारा पिठ्या ढेकूण आणि वांगी-भेंडीच्या पानांमागे जाळी करणारा लाल कोळी या दोन रसशोषक किडी वाढतात. पानांच्या मागील बाजूवर पाण्याचा जोराचा फवारा आणि त्यानंतर पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क एवढ्याने त्या बहुधा आटोक्यात येतात. भर उन्हाळ्यात रासायनिक खत घालू नये, कारण पाणी अपुरे असताना कोवळी फूट काढायला लावणे झाडाच्या हिताचे नसते. एप्रिल-मेमध्ये नवी हिरवळ लावून देण्याची तयारी कोणी दाखवली, तरी ते काम मृगाच्या पावसावर ठेवावे. तेव्हा हरळीच्या कांड्या ओळीत नुसत्या दाबल्या तरी त्या विकतच्या पाण्याशिवाय लागतात.

वळीव पडला की गवत हिरवे होते, आणि त्याच संध्याकाळपासून एका वेगळ्या कामाला लागावे लागते. वारणेच्या खोऱ्यातील ऊस उत्पादकाला हुमणी चांगली परिचित आहे. ही भुंग्यांची जमिनीत राहणारी पांढरी, वाकडी अळी असून ती मुळे खाते, आणि उसाची मुळे खाणारी हीच कीड हिरवळीचीही मुळे खाते. जमिनीत दडलेले तिचे भुंगे वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला बाहेर पडून कडुनिंब आणि बाभळीवर जमतात, तेथे त्यांचे मीलन होते आणि मग माद्या जमिनीत परत जाऊन अंडी घालतात. पुढे पावसाळ्यात हिरवळीचा एखादा पट्टा पिवळा पडून हाताने ओढताच गुंडाळीसारखा सुटून येतो, तेव्हा फारसा उपाय उरलेला नसतो. घरमालकाच्या अंगणात हरळी नसली आणि शेत नसले, तरी दारातल्या कडुनिंबावर जमणारे भुंगे शेजारच्या शिवारात अंडी घालतात, म्हणून हे काम एकट्याचे राहत नाही. वळवानंतरच्या पहिल्या काही संध्याकाळी गल्लीतील सर्वांनी मिळून कडुनिंबाच्या फांद्या हलवाव्यात, खाली पडलेले भुंगे वेचून रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकावेत, आणि ज्यांच्या दारात कडुनिंब आहे त्यांनी शेजाऱ्यांना त्यासाठी आपणहून बोलवावे.